सीएस२ मध्ये पीसीचा बेंचमार्क कसा करायचा: पहिल्यांदाच मोजणाऱ्यांसाठी

कुणी "माझा पीसी ३०० एफपीएस देतो" असं टाकलं (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) की त्याला आधी विचारायचं, कुठे? रिकाम्या मॅपवर भिंतीकडे तोंड करून उभा असताना, की इन्फर्नो मॅपच्या बनाना नावाच्या वाटेवर दोन स्मोक (धुराचे ग्रेनेड), एक मॉली (आगीची बाटली) आणि पाचसहा जणांची मारामारी चालू असताना? काउंटर-स्ट्राइक २ मध्ये, म्हणजे आपल्या सीएस२ मध्ये, एकाच पीसीवर एकाच सेटिंगला या दोन ठिकाणच्या आकड्यांत प्रचंड फरक पडतो. सिंगल प्लेयर गेमचं बरं असतं, बऱ्याच गेममध्ये आतच बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची ठरलेली टेस्ट, दिलेला असतो, बटण दाबलं की दरवेळी तोच सीन, तीच गर्दी, तोच कॅमेरा. मल्टीप्लेयरमध्ये दहा माणसं दहा दिशांना पळतात आणि तीच मॅच परत कधी होत नाही, त्यामुळे इथे कसं मोजायचं ते आधी ठरवावं लागतं, नाहीतर आलेल्या आकड्याचा कशाशीच मेळ बसत नाही.

उदाहरणाला सीएस२ घेतलाय कारण फुकट आहे, आपल्याकडे भरपूर लोक खेळतात, आणि २७ सप्टेंबर २०२३ ला व्हॉल्वने सीएस:गो काढून हा आणला तेव्हापासून "जुन्या गेममध्ये मस्त चालत होतं, आता का अडकतंय" हा प्रश्न काही थांबलेला नाही. सोर्स २ इंजिन जड आहे, स्मोक आता खरोखरचे घनदाट ढग आहेत, ग्रेनेड टाकला की त्यात भोक पडतं, या सगळ्याचं गणित कुणीतरी करतच असतं ना, ते तुमचा पीसी करतो. व्हॅलोरंट किंवा दुसरं काही खेळत असाल तर कमांड बदलतील, बाकीचं जवळपास सगळं तसंच.

आधी प्रश्न ठरवा

नवीन लोक इथेच घाई करतात, टूल डाउनलोड करतात आणि मग बघत बसतात. आपल्याला नक्की काय जाणून घ्यायचंय? नवीन रॅमने फरक पडला का? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड नीट चालतंय का? शॅडो हाय ठेवले तर किती एफपीएस जातात? की १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेण्यात अर्थ आहे का? प्रत्येकाची टेस्ट वेगळी. रॅमचा फरक बघायचा असेल तर रिझोल्युशन कमी ठेवून सीपीयूवर ताण आणावा लागतो, कार्ड तपासायचं असेल तर उलट रिझोल्युशन वर न्यावं लागतं. एक वाक्य कागदावर लिहा, "मला हे बघायचंय", आणि त्या वाक्यात नसलेली दुसरी कुठलीही गोष्ट टेस्ट होईपर्यंत बदलू नका.

सरासरी एफपीएसवर फार जीव टाकू नका

एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, आणि फ्रेम टाइम म्हणजे एक फ्रेम बनायला किती मिलिसेकंद लागले. १००० ला एफपीएसने भागा, झालं. ६० एफपीएस म्हणजे १६.६७ मिलिसेकंद, १४४ म्हणजे ६.९४, २४० म्हणजे ४.१७.

आता ही गंमत बघा. एका सेकंदात १८० फ्रेम प्रत्येकी ५ मिलिसेकंदाच्या आल्या, म्हणजे ९०० मिलिसेकंद झाले, आणि नंतर एकच फ्रेम १०० मिलिसेकंद अडकली. कोपऱ्यातला काउंटर काय दाखवणार? १८१ एफपीएस. वा! पण त्या १०० मिलिसेकंदात समोरच्याने एडब्ल्यूपी (स्नायपर रायफल) मारून तुम्हाला घरी पाठवलं. पुण्याहून मुंबईला किती वेगाने गेलो याची सरासरी काढली तर घाटात किती वेळ ठप्प उभे होतो ते त्यात दिसत नाही, तसंच आहे हे.

म्हणून सरासरीबरोबर १ टक्का लो बघायचा. ६० सेकंद २०० एफपीएसने खेळलात तर १२,००० फ्रेम होतात, त्यातल्या सगळ्यात हळू १ टक्का म्हणजे १२० फ्रेम. त्या कशा होत्या, यावर गेम हाताला कसा लागतो ते ठरतं. ०.१ टक्का लो पण असतो पण त्यात फक्त १२ फ्रेम येतात, एखादा विंडोज नोटिफिकेशनचा झटका सगळा आकडा खाली ओढतो, त्यामुळे छोट्या रनमध्ये त्याच्यावरून भांडू नका.

एक गोष्ट अजून, ही फार कमी लोक सांगतात. १ टक्का लो दोन पद्धतींनी काढतात. एकीत सगळ्या फ्रेम वेगाप्रमाणे लावून ज्या रेषेखाली १ टक्का फ्रेम राहतात ती रेष घेतात, याला पी१ म्हणतात. दुसरीत त्या सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमची सरासरी काढतात, आणि ती साहजिकच खाली येते. एका टूलचा पी१ आणि दुसऱ्या टूलचा १ टक्का लो शेजारी ठेवून "माझा पीसी खराब आहे" असं ठरवणारे ढिगाने सापडतील.

काय काय लागेल

कॅपफ्रेमएक्स घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आत इंटेलचं प्रेझेंटमॉन वापरतं. हॉटकी दाबली की रेकॉर्डिंग सुरू, ठरलेल्या सेकंदांनी आपोआप बंद, मग ग्राफ, सरासरी, पी१ सगळं समोर. हॉटकी एफ१२ ठेवू नका, त्यावर स्टीमचा स्क्रीनशॉट निघतो. सोबत एचडब्ल्यूइन्फो, तापमान आणि क्लॉक बघायला. एवढं पुरतं.

आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनरचा ओव्हरले बऱ्याच जणांना आवडतो, दिसायला झकास आहे, पण तो गेमच्या आत शिरून चित्र काढतो. प्रेझेंटमॉनसारखी टूलं विंडोजकडून बाहेरूनच माहिती घेतात, गेमला हात लावत नाहीत. अँटीचीट (चीटिंग पकडणारी यंत्रणा) असलेल्या गेममध्ये हा फरक महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीने ड्रायव्हरमध्ये सीएस२ साठी अँटी-लॅग प्लस (क्लिक आणि स्क्रीनमधला उशीर कमी करणारं फीचर) दिलं, ते गेम इंजिनच्या डीएलएलमध्ये, म्हणजे गेमच्याच कोडच्या फाइलमध्ये, ढवळाढवळ करून चालायचं, आणि ते चालू करणाऱ्यांना व्हॅकचे, म्हणजे व्हॉल्वच्या अँटीचीटचे, बॅन लागायला लागले. कंपनीच्या अधिकृत ड्रायव्हरमधलं फीचर, तरी बॅन! एएमडीने तो ड्रायव्हर मागे घेतला, व्हॉल्वने बॅन उठवले, आणि मे २०२४ मध्ये अँटी-लॅग २ गेमच्या आतूनच आलं तेव्हा कुठे विषय मिटला. तेव्हा कुठल्यातरी व्हिडिओखालच्या लिंकवरून "एफपीएस बूस्टर" उतरवून ऑनलाइन मॅचमध्ये चालवणं हा धंदा करू नका.

पीसी तयार करा

इथे थोडा वेळ द्या, अर्धे विचित्र रिझल्ट इथूनच येतात.

रॅम आधी. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे स्पीड आणि किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. ३६०० चा किट घेतलाय आणि तिथे २१३३ किंवा २६६६ दिसतंय? म्हणजे बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारी सेटिंग) चालू केलेलं नाही, डीडीआर५ वाल्या एएमडी बोर्डवर त्याला एक्सपो म्हणतात. पैसे भरले तो स्पीड कधी मिळालाच नाही. आणि एकच स्टिक लावलेली असेल, लॅपटॉपमध्ये हे सर्रास असतं, तर सिंगल चॅनेलवर चाललंय, सीएस२ सारख्या सीपीयूवर जगणाऱ्या गेमला ते चांगलंच जाणवतं. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक सहसा सीपीयूकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

मग मॉनिटर. विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट खरंच १४४ किंवा १६५ वर आहे ना? महागडा मॉनिटर ६० वर चालवणारे लोक आहेत, आणि बरेच आहेत.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच टेस्ट, बॅटरीवर ग्राफिक्स कार्डला पुरेसा पॉवरच मिळत नाही. कंपनीच्या अॅपमधला परफॉर्मन्स मोड कुठला आहे ते लिहून ठेवा. मक्स स्विच (ग्राफिक्स कार्ड थेट स्क्रीनला जोडणारा) असेल तर तो कुठल्या मोडवर आहे तेही, कारण चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून फिरून आलं की एफपीएस कमी होतात. आणि लॅपटॉप पहिल्या मिनिटाला जे दाखवतो ते दहाव्या मिनिटाला दाखवत नाही, सुरुवातीला प्रोसेसर जोरात पळतो, मग गरम झाला की दम टाकतो. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं डेथमॅच खेळा आणि मगच मोजायला सुरुवात करा.

खोलीचं तापमान पण लिहा, हसू नका. अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, खोली जितकी जास्त गरम, सीपीयूचं तापमान जवळजवळ तितकंच वर सरकतं. जानेवारीतला रिझल्ट आणि मेमधला रिझल्ट शेजारी ठेवून "नवीन ड्रायव्हरने वाट लावली" म्हणायच्या आधी पंखा कुठल्या नंबरवर होता ते आठवा. एसी असेल तर दोन्ही रनला चालू किंवा दोन्हीला बंद.

बाकी नेहमीचं: ब्राउझरचे पन्नास टॅब बंद, डिस्कॉर्डचा ओव्हरले बंद, स्टीमचे डाउनलोड थांबवा, इन्स्टंट रिप्ले बंद, विंडोज अपडेट मागे काही करत नाहीये ना बघा. पण यात एक ग्यानबाची मेख आहे. तुम्ही रोज डिस्कॉर्ड चालू ठेवूनच खेळत असाल आणि तुमचा प्रश्न "मला रोज खेळताना किती मिळतात" हा असेल, तर डिस्कॉर्ड चालूच ठेवा. फक्त सगळ्या रनला सारखं.

गेमची सेटिंग बांधून टाका

व्हिडिओ सेटिंग एकदा ठरवली की त्या फाइलची कॉपी करून ठेवा. स्टीमच्या फोल्डरमध्ये युजरडेटा, त्यात तुमचा आकडी आयडी, मग ७३०, लोकल, सीएफजी, तिथे सीएस२ व्हिडिओ नावाची टेक्स्ट फाइल असते. ७३० हा काउंटर-स्ट्राइकचा स्टीमवरचा नंबर. अपडेटने किंवा धाकट्या भावाने काही हलवलं तर तीच फाइल परत टाकायची.

तीन गोष्टी हमखास फसवतात. पहिली म्हणजे एफपीएसची मर्यादा. गेम मुळातच ४०० वर अडवून ठेवतो, तगड्या पीसीवर दोन्ही रन ४०० ला टेकतात आणि वाटतं फरकच नाही. गेम सेटिंगमध्ये डेव्हलपर कन्सोल (कमांड टाइप करायची खिडकी) चालू करा, एस्केपच्या खालचं बटण दाबून तो उघडा आणि एफपीएस_मॅक्स ० टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि मधे अंडरस्कोअर देऊन. दुसरी, व्ही-सिंक आणि जी-सिंक (फ्रेम आणि मॉनिटरचा रिफ्रेश जुळवणारे), टेस्टपुरते बंद. तिसरी सगळ्यात लबाड, फिडेलिटीएफएक्स सुपर रिझोल्युशन. रेडीमेड प्रीसेट निवडलं की हे कधीकधी आपोआप चालू होतं आणि मग तुम्ही म्हणता १०८० पी पण गेम आतून त्यापेक्षा लहान चित्र काढून ताणतोय. ते डिसेबल्ड वर आणा.

ड्रायव्हर किंवा गेम नुकताच अपडेट झाला असेल तर शेडर (ग्राफिक्स कार्डसाठीचे छोटे प्रोग्रॅम) नव्याने बनतात आणि पहिल्या काही मिनिटांत झटके येतात. पहिला रन फेकून द्या, मोजूच नका.

आता प्रत्यक्ष टेस्ट

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात स्थिर: स्टीम वर्कशॉपवर एफपीएस बेंचमार्क नावाचा डस्ट२ वर बनवलेला मॅप आहे, तो सबस्क्राइब करा. चालू केला की कॅमेरा आपोआप ठरलेल्या वाटेने फिरतो, वाटेत स्मोक, आग, खेळाडू सगळं येतं, आणि शेवटी कन्सोलमध्ये एक ओळ पडते, व्हीप्रॉफ, एफपीएस, अॅव्हरेज इतका, पी१ इतका. माउसला हात लावायचा नाही, आल्ट-टॅब करायचा नाही. हार्डवेअरची अदलाबदल तपासायला हाच वापरा. मात्र हा आकडा म्हणजे मॅचमध्ये मिळणारा आकडा नव्हे, इथे ना खरे प्लेयर आहेत ना नेटवर्क.

दुसरी पद्धत मला स्वतःला जास्त आवडते, कारण यात एकच जागा धरून बसता येतं. प्रॅक्टिसमध्ये एकट्याने मिराज किंवा एन्शंट उघडा (एन्शंट पाण्यामुळे जड जातो), एसव्ही_चीट्स १ टाका, आणि नेहमी अडकतं त्या जागी जाऊन उभे राहा. गेटपॉस टाइप केलं की कन्सोल तुमची जागा आणि नजरेची दिशा आकड्यांत लिहून देतो. ती अख्खी ओळ, सेटपॉसपासून सुरू होणारी, नोटपॅडमध्ये ठेवा. पुढच्या वेळी तीच पेस्ट केली की केसभर इकडेतिकडे न होता त्याच जागी, त्याच कोनात. बॉट_स्टॉप १ ने बॉट पुतळे होतात. आता समोर स्मोक टाका, तो पूर्ण फुलला की हॉटकी दाबा, १० सेकंद रेकॉर्ड करा. मग ग्राफिक्सची एकच सेटिंग बदला आणि परत. स्मोकच्या अगदी तोंडाशी उभं राहून शॅडो किंवा ८एक्स एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) किती खातं ते इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

तिसरी, खरी मॅच. डेथमॅचमध्ये जा, मॅप नेहमी तोच ठेवा, सर्व्हर भरलेला बघा, आणि दर वेळी निदान पाच मिनिटं रेकॉर्ड करा. इथे रन टू रन आकडा हलणारच, मॅच वेगळी, माणसं वेगळी. लांब रेकॉर्डिंग केलं की हा गोंधळ थोडा सपाट होतो. बारीक फरक शोधायला ही पद्धत निरुपयोगी आहे, पण "मला खरंच किती मिळतात" याचं खरं उत्तर इथेच आहे.

काही जण स्वतःच्या मॅचचा डेमो, म्हणजे साठवलेली मॅच, लावून त्यावर मोजतात. कल्पना हुशार आहे, तीच मॅच हवी तितक्या वेळा मिळते. पण डेमो बघताना तुमचा पीसी खेळत नसतो, फक्त दाखवत असतो, सीपीयूचं काम वेगळं पडतं. आणि गेम अपडेट झाला की जुना डेमो नीट चालेलच याची खात्री नाही.

अडतंय कुठे, सीपीयू की कार्ड

रिझोल्युशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा आणि तोच रन परत करा. एफपीएस उसळले तर कार्ड अडवत होतं. जागचे हलले नाहीत तर सीपीयू किंवा रॅम. इतकं सरळ आहे. प्रेझेंटमॉनमध्ये जीपीयू बिझी नावाचा आकडा मिळतो, तो फ्रेम टाइमपेक्षा बराच कमी असेल तर कार्ड रिकामं बसून सीपीयूची वाट बघतंय असं समजा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्केच दिसतोय म्हणून फसू नका, गेमचं मुख्य काम एकदोन कोअरवर अडकलेलं असतं आणि बाकीचे कोअर आरामात असतात म्हणून सरासरी कमी दिसते.

सीएस२ मध्ये ४:३ स्ट्रेच करून कमी रिझोल्युशनवर खेळणारे बहुतेक जण सीपीयूवरच अडलेले असतात. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरचं इथे एवढं कौतुक का, तर त्यांची मोठी एल३ कॅश. २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्स३डी वर ९६ एमबी आहे, साध्या ५८००एक्स वर ३२. गेमला लागणारा डेटा रॅमपर्यंत न जाता तिथेच सापडतो. तेव्हा ७२० पी ला आकडा हलत नसेल तर नवीन कार्डासाठी पैसे साठवायचे थांबवा, आधी रॅम आणि प्रोसेसर बघा.

आणि सगळंच पीसीचं नसतं हो. फ्रेम टाइमचा ग्राफ सपाट आहे पण गेममध्ये माणसं टेलिपोर्ट होतायत, तुम्ही मागे खेचले जाताय, तर तो इंटरनेटचा प्रॉब्लेम. सेटिंगमध्ये टेलिमेट्री म्हणून भाग आहे, तिथे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट (डेटाचे तुकडे) हरवल्याचं कायम दिसेल असं करा. मुंबईच्या सर्व्हरवर चांगला पिंग असूनही वायफायमुळे मधेच पॅकेट गळतात, ते कुठलंही ग्राफिक्स कार्ड दुरुस्त करू शकत नाही.

फरक खरा की भास

प्रत्येक सेटिंगला कमीत कमी तीन रन, आणि मधला आकडा धरा. आधी तेच तीन रन काहीही न बदलता करून बघा, आपल्याच आकड्यांत आपोआप किती हलतंय ते कळेल. समजा काहीही न बदलता २४१, २४६, २३८ आले, तर रॅम बदलून २४८ आल्यावर स्टेटस टाकू नका, तो फरक नाहीच. माझा साधा हिशोब, ३ टक्क्यांच्या आतलं काहीही मी मोजत नाही.

शंका असेल तर उलटं करून बघा. जुनं मोजा, नवीन मोजा, परत जुनं मोजा. दोन्ही जुने आकडे जुळले तर मधला फरक खरा. नाही जुळले तर मधे दुसरंच काहीतरी बदललंय, बहुतेक वेळा तापमान. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंग (गरम झाल्यामुळे वेग कमी होणं) पुढे येस दिसतंय का ते तेव्हाच बघा. आणि गेमचं अपडेट आलं की जुने सगळे आकडे बाद, नवीन अपडेटवर पहिल्यापासून मोजायचं, कारण व्हॉल्व कधी मॅप हलका करतं कधी जड.

कुणाची मदत मागणार असाल तर प्रोसेसर, कार्ड, रॅम किती स्टिक आणि कुठल्या स्पीडला, ड्रायव्हर व्हर्जन, रिझोल्युशन, कुठली टेस्ट, सरासरी आणि पी१, एवढं एका दमात लिहा. "भावा लॅग होतोय काय करू" याला कुणी काय उत्तर देणार?

सगळं झालं की प्रीमियरला (रँकच्या मॅचला) बसायच्या आधी एफपीएसची मर्यादा, व्ही-सिंक आणि जी-सिंक परत पहिल्यासारखं करा, आणि कॉपी करून ठेवलेली व्हिडिओची फाइल जागेवर टाका.